ड्रमनाद, रॉक ध्वनिमुद्रणातील

रॉक संगीताच्या, विशेषतः प्रोग्रेसिव्ह रॉक व मेटल या त्याच्या दोन शाखांच्या, आल्बमांत ड्रम-संचाचा जो आवाज ऐकू येतो, तो घडविण्याच्या पद्धती व त्यांचा इतिहास यांचा विचार या नोंदीत केला आहे. पायाने वाजविला जाणारा बास ड्रम, खालच्या पुडीला ताणलेल्या तारा असलेला स्नेअर ड्रम, लहानमोठ्या आकारांचे टॉमटॉम, पायाने मिटणारी झांजांची जोडी म्हणजे हाय-हॅट आणि दांड्यांवर बसविलेल्या मोठ्या झांजा यांचा मिळून ड्रम-संच होतो. एकच वादक दोन्ही हातांनी व दोन्ही पायांनी तो वाजवितो. तबल्याच्या ध्वनिमुद्रणात वादकाचे बोट आणि श्रोत्याचा कान यांच्यामध्ये फारसे कोणी येऊ नये अशी अपेक्षा असते. रॉक संगीतात मात्र ध्वनिमुद्रण-अभियंता, निर्माता, खोली, फीत आणि पुढे संगणक हे सर्व त्या नादाचे वाटेकरी ठरले. त्यामुळे ऐकू येणारा आघात नेमका कोणाचा, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित होतो.

कोणत्याही चर्मवाद्याच्या आवाजाचे दोन अंश असतात : एक वाद्यातून सरळ कानाशी येणारा, तर दुसरा भिंती, छत व जमीन यांवरून परतून येणारा. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत वारली, कोकणा इ. आदिवासींची वस्ती मोठी आहे. तेथील नाच अंगणात किंवा खळ्यावर, उघड्या आकाशाखाली होतात. तारप्याच्या नाचात वाळविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडपत्राचा कर्णा यांपासून केलेल्या तारप्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा फिरतो आणि पावलांचा ठेकाच बऱ्याच अंशी तालवाद्याचे काम करतो. लग्न, होळी यांसारख्या प्रसंगी ढोल वाजतो. उघड्यावर ढोलाचा आवाज परतून येण्यास भिंत नसते. जवळ उभे राहिले, तर काठीचा आघात कोरडा, तोकडा व टोकदार ऐकू येतो. अंतर दुप्पट झाले की तो सु. ६ डेसिबेलने उतरतो. बरेच दूर गेल्यावर आघाताचे टोक नाहीसे होते आणि रात्रीच्या शांततेत केवळ खर्जातला घुमारा पोहोचतो. तोच ढोल फरशीच्या सभागृहात नेला, तर प्रत्येक आघातामागे लांब शेपूट लागते आणि दोन आघात एकमेकांत मिसळतात. वाद्य व हात बदललेले नसतानाही नाद बदलतो. ध्वनिमुद्रणगृहांतील ड्रमचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या अंशाचे काय करावयाचे, याचा इतिहास आहे : प्रथम तो टाळला गेला, नंतर मुद्दाम मिळविला गेला आणि अखेरीस यंत्राने निर्माण केला गेला.

आरंभीच्या काळात ड्रमची अडचणच अधिक होती. फ्रेड गेझबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा आवाज कर्ण्यात गोळा करून त्याच्या जोरावरच मेणाच्या तबकडीत रेघ कोरली जाई. या पद्धतीत मोठ्या ड्रमचा धक्का सुईला सोसत नसे. म्हणून पहिल्या जॅझ ध्वनिमुद्रिकांत ड्रमवादकास पुष्कळदा लाकडी ठोकळे व घंटा यांवरच भागवावे लागे. १९२५ मध्ये मायक्रोफोनचा वापर सुरू झाल्यावर हे बंधन सुटले. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे संपूर्ण वाद्यवृंदासाठी एकदोन मायक्रोफोन वापरीत आणि ड्रम मागच्या रांगेत बसे. १९६६ मध्ये ‘बीटल्स’च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या आल्बमसाठी जेफ एमरिक या तरुण अभियंत्याने रिंगो स्टार याच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन ड्रमच्या अगदी जवळ नेला. मायक्रोफोन बिघडेल या भीतीने ईएमआय कंपनीच्या स्टुडिओत असे करण्यास मनाई होती. मोठा आवाज दाबून लहान आवाज वर आणणाऱ्या कंप्रेसर या उपकरणातून तो आवाज नेल्यावर ड्रम प्रथमच मागच्या रांगेतून उठून पुढे आला.

याच्या अगदी उलट मार्ग ‘लेड झेपलिन’ या ब्रिटिश वृंदाने स्वीकारला. हॅम्पशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनम याचा ड्रम-संच जिन्याच्या उंच दालनात मांडण्यात आला आणि अँडी जॉन्स या अभियंत्याने वरच्या जिन्यातून केवळ दोन मायक्रोफोन खाली सोडले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (१९७१) या गीतातील ड्रम त्यामुळे वाद्याइतकाच त्या घराचाही आहे. बॉनमचा हात जड होता, हे खरे. पण त्या जडपणाला दगडी दालनाने जे आकारमान दिले, ते पुढे अनेकांनी यंत्रांनी मिळवू पाहिले व फार थोड्यांना साधले. त्याच आल्बममधील अन्य गीतांत ड्रम इतका विराट वाटत नाही, यावरूनही जागेचे महत्त्व ध्यानात येते.

प्रोग्रेसिव्ह रॉकची गरज निराळी होती. दीर्घ रचना, विषम मात्रांचे ताल, अचानक बदलणारी लय आणि कीबोर्ड, गिटार, बासरी यांची दाटी यांमुळे येथे ड्रमचा प्रत्येक बोल वेगळा कळणे आवश्यक होते. घुमारा लांबला की सात किंवा अकरा मात्रांचा हिशेब श्रोत्याला लागत नाही. ‘किंग क्रिम्झन’ याच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ (१९६९) या आल्बममध्ये मायकेल जाइल्स याचे वादन जॅझच्या वळणाचे, हलके व नाजूक आहे. तो आठमार्गी फितीवर मुद्रित झाला. मार्ग अपुरे पडल्यामुळे अनेक वाद्ये एकत्र करून पुन्हा उतरवावी लागली आणि प्रत्येक उतरवणीबरोबर आवाजाची धार थोडी बोथट झाली. २००९ मध्ये स्टीव्हन विल्सन याने रॉबर्ट फ्रिप याच्या सहकार्याने पहिल्या पिढीच्या मूळ फितींवरून या आल्बमचे पुनर्मिश्रण केले. त्यात जाइल्सचे हलके बोल अधिक उजळ ऐकू येतात. एकाच वादनाची दोन रूपे शेजारी ठेवून ऐकण्याची अशी संधी क्वचितच मिळते. जिज्ञासूंनी ती अवश्य घ्यावी.

या शाखेतील सर्वांत ओळखीचा आवाज बिल ब्रुफर्ड याच्या स्नेअर ड्रमचा होय. कडेवर व पुडीवर एकाच वेळी काठी मारून तो जो उंच, धातूसारखा टणत्कार काढी, तो ‘येस’ या वृंदाच्या ‘क्लोज टू द एज’ (१९७२) या आल्बममध्ये एडी ऑफर्ड या अभियंत्याने न दाबता ठेवला. हा निर्णय वाटतो तितका साधा नव्हता. त्या काळच्या स्टुडिओंत नेमका उलट संकेत रूढ होत होता : पुडीवर कापडाच्या घड्या व चिकटपट्टी लावावी, टॉमटॉमची खालची पुडी काढून टाकावी, वादकाला गालिचा अंथरलेल्या लहानशा कोंदट खोलीत बसवावे आणि प्रत्येक ड्रमजवळ वेगळा मायक्रोफोन ठेवावा. यातून मिळणारा आवाज स्वच्छ पण निर्जीव, पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा असे. १९७० नंतरच्या दशकातील अनेक उत्तम वादकांचे काम या पद्धतीमुळे आज ऐकताना अकारण फिके वाटते. ब्रुफर्डचा टणत्कार मात्र ‘क्लोज टू द एज’ या शीर्षकरचनेच्या गर्दीतूनही वाट काढतो. आणि ती सु. १८ मिनिटांची रचना लहानलहान तुकड्यांत मुद्रित करून फीत कापून जोडलेली आहे, हे सांगितल्याखेरीज लक्षातही येत नाही. तुकडे जोडताना ड्रमचा आवाज सर्वत्र सारखा राहणे ही पहिली अट असते.

‘पिंक फ्लॉइड’च्या ‘टाइम’ (१९७३) या गीताच्या आरंभी निक मेसन याने वाजविलेले सुरात लावलेले रोटोटॉम आणि ‘एमर्सन, लेक अँड पामर’च्या ‘टोकाटा’मध्ये (१९७३) कार्ल पामर याने वापरलेले विद्युत् ड्रम हे त्या काळचे दोन उल्लेखनीय प्रयोग होत. त्यांपैकी दुसरा भविष्यकाळाची चाहूल देणारा ठरला. कॅनडातील ‘रश’ या वृंदाचा नील पिअर्ट (१९५२–२०२०) याच्या मोठ्या संचाचे ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९८१) या आल्बममधील ध्वनिमुद्रण क्वेबेकमधील ल स्टुडिओ येथे झाले. जवळचा मायक्रोफोन व खोलीचा श्वास यांचा मेळ त्यात उत्तम साधला आहे.

दरम्यान लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत एक विलक्षण शोध लागला. पीटर गेब्रिएल याच्या तिसऱ्या आल्बमच्या (१९८०) वेळी फिल कॉलिन्स ड्रम वाजवीत असताना वादकांचे बोलणे ऐकण्यासाठी छताला टांगलेला मायक्रोफोन चालू राहिला. त्याच्यावर जबर दाब देणारा कंप्रेसर बसविलेला होता. ह्यू पॅडगम या अभियंत्याने त्या आवाजाला ‘गेट’ म्हणजे ठराविक पातळीखाली आवाज उतरताच दार बंद करणारे उपकरण जोडले. परिणामी खोलीचा निनाद प्रचंड फुगतो आणि क्षणात तुटतो. निसर्गात अशी खोली कोठेही नाही. गेब्रिएलने या आल्बममध्ये झांजा वर्ज्य केल्यामुळे दार उघडेमिटे करण्यात अडथळाही आला नाही. कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ (१९८१) या गीतानंतर या आवाजाची इतकी नक्कल झाली, की पुढच्या दहा वर्षांतील पुष्कळ आल्बम पहिल्या स्नेअरवरूनच ओळखता येतात.

मेटल संगीतात मूळ प्रश्न वेगाचा आहे. ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला आल्बम (१९७०) जवळजवळ एका दिवसात, एकत्र वाजवूनच मुद्रित झाला. त्यातील बिल वॉर्ड याचे ड्रम सैल, उघडे व जॅझच्या सवयी न विसरलेले आहेत. १९८० नंतर लय झपाट्याने वाढली. मिनिटाला २०० ठोके या लयीत दोन्ही पायांनी एका ठोक्यात चार आघात केले, तर सेकंदाला १३ हून अधिक आघात होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सु. ७५ मिलिसेकंद येतात. बास ड्रमचा मूळ स्वर ६० हर्ट्झच्या आसपास धरल्यास तेवढ्या अवधीत त्याची चारपाच आंदोलनेही पुरती होत नाहीत. पुढचा आघात त्यांच्यावर येऊन आदळतो. अशा वेळी खर्ज कितीही वाढविला तरी कानाला केवळ गडगड ऐकू येते. बोल मोजता यावेत म्हणून आघाताचे टोक, म्हणजे टाचेखालच्या काडीसारखा ‘टक्’ असा अंश, वाढवावा लागतो. ‘स्लेअर’च्या ‘रेन इन ब्लड’ (१९८६) या अर्ध्या तासाहूनही लहान आल्बममध्ये निर्माता रिक रूबिन याने निनाद जवळजवळ पुसून टाकला आणि डेव्ह लोम्बार्डो याचा वेग उघडा पाडला. ‘मेटॅलिका’च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) मध्ये हेच टोक इतके पुढे आणले गेले, की बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याच वृंदाच्या १९९१ च्या आल्बममध्ये निर्माता बॉब रॉक याने लय उतरविली, मोठ्या खोलीचा निनाद परत आणला आणि अनेक वादनांतील निवडक तुकडे जोडून लार्स उल्रिक याचे ड्रम तयार केले.

याच सुमारास ‘ट्रिगर’ ही युक्ती सर्वत्र पसरली. ड्रमच्या कडेला बसविलेला लहान संवेदक आघात झाल्याचे तेवढे कळवितो आणि त्या क्षणी आधी मुद्रित करून ठेवलेला एक निवडक आघात वाजतो. वादकाने केव्हा मारले हे शिल्लक राहते. कसे मारले हे बव्हंशी गळून पडते. ही युक्ती दूरदेशीची वाटण्याचे कारण नाही. जपानच्या रोलंड कंपनीने १९८५ मध्ये ऑक्टापॅड बाजारात आणले व त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत आवाजही साठविलेले येऊ लागले. मुंबईपासून डहाणू-तलासरीपर्यंत लग्नसराईत वाजणाऱ्या बँजो व बँड पथकांत आज ते सर्रास आढळते. त्याच्या आठ रबरी चौकटींवर काठी मारली की ढोल, ताशा, हलगी काहीही वाजते. फक्त तो ढोल दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कोठेतरी, पूर्वी कधीतरी वाजविलेला असतो. पाऊस लागला म्हणून त्याची पुडी उतरत नाही आणि ती शेकोटीवर तापवावीही लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. थापेतली लहानमोठी छटा मात्र फारशी उमटत नाही.

फ्लॉरिडातील टँपा येथील मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स याने डेथ मेटलसाठी घडविलेल्या आवाजात ट्रिगरचा मोठा वाटा होता. तेथेच मुद्रित झालेल्या ‘डेथ’ या वृंदाच्या ‘ह्यूमन’ (१९९१) मध्ये शॉन राइनर्ट याचे चपळ व गुंतागुंतीचे वादन ऐकावयास मिळते. अशा अतिद्रुत संगीतात ट्रिगरला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. त्यावाचून रचना कळतच नाही. परंतु हीच युक्ती प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये आली, तेव्हा तिची किंमत दिसून आली. ‘ड्रीम थिएटर’च्या ‘इमेजिस अँड वर्ड्स’ (१९९२) या गाजलेल्या आल्बममध्ये निर्माता डेव्हिड प्रेटर याने माइक पोर्टनॉय याच्या ड्रमवर असेच साठविलेले आवाज बसविले. पोर्टनॉयने त्याबद्दलची नाराजी पुढे उघडपणे बोलून दाखविली आणि ती रास्त होती. स्नेअरवर दोन मुख्य आघातांच्या मध्ये पेरलेले अस्फुट बोल हे या वादनशैलीचे मर्म असते. तबल्यातील दाबगाशी वा किनारीच्या हलक्या बोलांशी त्यांची तुलना करता येईल. प्रत्येक आघात सारख्याच जोराने बाहेर पडू लागला, की हे बोल एक तर नाहीसे होतात किंवा मुख्य आघातांच्या बरोबरीला येऊन बसतात.

संगणक आल्यानंतर या क्रमातील शेवटचे पाऊल पडले. ‘मेशुगा’ या स्वीडिश वृंदाने ‘कॅच थर्टीथ्री’ (२००५) मध्ये ड्रम प्रत्यक्ष वाजविलेच नाहीत. टोमास हाके याच्या ड्रमचे साठविलेले आवाज संगणकावर मांडून संपूर्ण वादन रचले. विशेष म्हणजे त्या वादनावर हाकेची छाप तरीही ओळखू येते, कारण त्याची खरी ओळख आघाताच्या पोतात नसून ताल लांबविण्या-आखडण्याच्या पद्धतीत आहे. इतरत्र मात्र प्रत्यक्ष वादन लयीच्या आखीव जाळीवर ओढून सरळ करण्याची आणि सगळा आल्बम शक्य तितका मोठ्या आवाजात कोंबण्याची चढाओढ लागली. ‘मेटॅलिका’च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) मध्ये ती इतकी टोकाला गेली, की आवाज फाटत असल्याची तक्रार सामान्य श्रोत्यांनीही केली. या काळातही ‘टूल’चा डॅनी केरी याच्यासारखा तबल्याचे शिक्षण घेतलेला वादक ‘लॅटरॅलस’ (२००१) मध्ये हाताच्या छटा जपत होता, तर स्वीडनच्या ‘ओपेथ’ने ‘हेरिटेज’ (२०११) मध्ये १९७० च्या काळातील उघड्या नादाची दिशा जाणीवपूर्वक पुन्हा धरली.

महाराष्ट्रात या संगीताचे केंद्र मुंबई हेच राहिले. १९७० च्या सुमारास सिमला बीट या स्पर्धेतील वृंदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांत गिटार व गाणे पुढे असून ड्रम मागे राहिलेला आहे. शहरात वादकांची वाण नव्हती. लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ यांच्यासारखे कसलेले ड्रमवादक चित्रपटसंगीतात होते. परंतु चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांची घडी गायक व तंतुवाद्यांचा ताफा यांच्या सोयीने बसलेली होती; ड्रमला स्वतंत्र बंद कक्ष मिळे व तेथे त्याने इतरांच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये, एवढीच अपेक्षा असे. ठुमरी-गायिका शोभा गुर्टू (१९२५–२००४) यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू (१९५१–  ) यांनी यूरोपची वाट धरली. १९७० नंतरच्या दशकात ते ‘एम्ब्रिओ’ या जर्मन वृंदाबरोबर वाजवीत आणि पुढे जॉन मॅक्‌लॉफ्लिनच्या त्रयीत सामील झाले. ड्रमवादकाची उंच बैठक सोडून गुडघे टेकून, तबला व ड्रम एकाच मांडणीत घेऊन ते वाजवितात; वाजलेली झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर खाली ओढण्याची त्यांची लकब प्रसिद्ध आहे. असा नाद साठविलेल्या आवाजांतून उभा करणे अवघड. ‘उस्फ्रेत’ (१९८८) या त्यांच्या आल्बममध्ये शोभा गुर्टू यांचा स्वरही आहे.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वृंदाने ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) काढून स्वतःच्या इंग्रजी रचनांचा पायंडा पाडला. पुढे ‘इंडस क्रीड’ असे त्याचे नामांतर झाले. तथापि त्या पिढीचा ड्रम आल्बमांपेक्षा धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या छताखाली, अधिक ऐकला गेला. खळ्यावरच्या ढोलाप्रमाणे तेथेही भिंतींचा आधार नव्हता. निनाद द्यावयाचा तो ध्वनिक्षेपकांतून. २००० च्या दशकाच्या आरंभी शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले आणि मेटल वृंद महाविद्यालयीन महोत्सव व घरगुती स्टुडिओ यांकडे वळले.

घरगुती स्टुडिओने मुंबईच्या मेटल संगीताचे रूप ठरविले, असे म्हणण्यास हरकत नाही. शहरातल्या सदनिकेत गिटार व आवाज मुद्रित करता येतो. ड्रम-संच वाजविल्यास शेजारी दार ठोठावतात. चांगली खोली, पुरेसे मायक्रोफोन व जाणता अभियंता ही तिन्ही साधने एकत्र येणे दुर्मिळ आणि खर्चाचे होते. ट्रिगर, साठविलेले आवाज व संगणकावरील मांडणी यांनी ही उणीव भरून काढली. पश्चिमेत जी साधने सोय वा चैन म्हणून आली, ती येथे प्रवेशपत्र ठरली. साहिल मखिजा यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०), ‘भयानक मौत’ या वृंदाचा ‘मॅन’ (२०१४) आणि ‘कोशिश’चा ‘फिरदौस’ (२०१३) हा हिंदी प्रोग्रेसिव्ह आल्बम ही या काळातील ठळक उदाहरणे होत. त्यांत अनुक्रमे वीरेंद्र कैथ, राहुल हरिहरन व हमझा काझी यांचे ड्रमवादन आहे. पुन्हा एकत्र आलेल्या ‘इंडस क्रीड’ने ‘इव्हॉल्व्ह’ (२०१२) मध्ये जय राव कवी यांचे ड्रम घेतले आणि मिश्रणाचे काम टिम पामर या ब्रिटिश अभियंत्याकडे सोपविले.

मखिजा यांनी ‘डेमनस्टीलर’ या नावाने काढलेल्या ‘धिस बर्डन इज माइन’ (२०१६) मध्ये ‘नाइल’ या अमेरिकन वृंदाचा ग्रीक ड्रमवादक जॉर्ज कोलियास वाजवितो, तर ‘द प्रॉपगँडा मशीन’ (२०२३) मध्ये अनेक परदेशी वादकांनी वेगवेगळ्या गीतांत ड्रम वाजविले आहेत. संचिका महाजालावरून पाठविल्या जातात आणि वादकांनी एका खोलीत बसण्याची गरज उरत नाही. मिश्रण करणाऱ्याने मग या निरनिराळ्या ड्रमांसाठी एकच खोली यंत्रावर निर्माण करावयाची असते.